गाडीभाड्याची पसंती

लाखांदूरच्या स्टँडवर एसटी सुटताना बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकिटं फेकजो नको. कंपनी पैसे देनार हाय ना?" मी मान हलवली. नागपूरहून ट्रॅव्हल्सने पुणे, मुलाखत, आणि तशीच परत.

चार दिवसांनी गाडीभाडं खात्यात जमा झालं. मी सहज सांगितलं, आणि आईने हात जोडले.

"लागली पोरगी नोकरीले!"

शाळेतलं माझं इंग्रजी चांगलं होतं, पण 'रीइम्बर्समेंट' मराठीत कसं सांगायचं ते सुचेना. "अगं, ते सगळ्यांनाच देतात. नोकरीवर घेतलं नाही तरी देतात."

बाबा हसले. "नापसंत पोरीच्या हातावर कोनी पैसे ठेवते का?"

आमच्याकडे मुलगी पाहायला आलेले पाहुणे उठताना तिच्या हातावर नोट ठेवतात, ती पसंती असली तरच. ताईचं लग्न असंच ठरलं होतं. मी पुन्हा समजावायला गेले, तोवर बाबा पानठेल्यावर पोचलेही होते.

नंतरचे दिवस मी घराबाहेर फारशी पडले नाही. विहिरीवर, किराणा दुकानात, सगळीकडे एकच विचारणा: "कवा चालली पुन्याले?" एका दुपारी मेल आला. निवड झाली नव्हती.

बाबा जेवत होते. मी वाचून दाखवलं. त्यांचा हात ताटात थांबला.

"मंग त्याइचे पैसे वापस कर. सोयरीक मोडल्यावर ठेवत नसतेत."

"बाबा, ते फक्त जाण्यायेण्याचे आहेत. परत घेत नाहीत."

"नाही म्हनल्यावर बी देते?"

"हो."

त्यांनी भात कालवला. मग म्हणाले, "मानसं बरे दिसतेत तिकडचे. दुसरीकडं नोकरी पाय मंग. घरी बसून भेटनार हाय का?"

त्याच आठवड्यात मी अंथरुणासकट निघाले. पुण्यात मैत्रिणीच्या खोलीवर राहून काम शोधायचं ठरलं. स्टँडवर सोडायला आलेल्या बाबांना पानठेलेवाल्याने हाक मारलीच, "काय जी भाऊ, पोरगी साहेबीन झाली म्हनते, पेढे कुठी हायेत?" बाकावरची चार माणसं वळली. बाबा आता 'हो' म्हणतील आणि मला ते 'हो' पुण्यात जन्मभर वागवावं लागेल, या भीतीने मी जमिनीकडे पाहत राहिले.

"नाही झाली," बाबा म्हणाले. आवाज नेहमीचाच. "मलेच समजलं नाही. आता दुसरी पाहाले चालली."

कोणी हसलं नाही. एकाने माझी वळकटी उचलून गाडीत ठेवली.

दोन महिन्यांनी मला काम मिळालं. तुमच्यापैकी जे असे निघून आले, त्यांना ऑफिसातल्या मीटिंगा ठाऊक असतील. न समजलेल्या गोष्टीवरही सगळे माना डोलावतात. मीही डोलावायचे. हल्ली म्हणते, "मला समजलं नाही." इंग्रजीतच म्हणते, हळू आवाजात, कान गरम होतात. पण तेवढा वेळ मी पुण्यात नसते, त्या पानठेल्यापाशी बाबांच्या शेजारी असते.