कॅमेऱ्यामागे बोलणारा शमुवेल

शमुवेल गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या कानांवर हेडफोन होते आणि मी त्याच्यावरच पाळत ठेवून बसलो होतो. हे एक वाक्य लिहायला मला इतके आठवडे लागले. मोबाईल टेबलावर थरथरत होता, पण मी उचलत नव्हतो, कारण नागापूरच्या एका बारशाच्या शूटिंगमध्ये शमुवेल कुणाशी काही बोलतो का, ते मला ऐकायचं होतं... शेवटी शेजारचा झेरॉक्सवाला आत आला. "अहो, फोन घ्या की! तुमचा शमू गेला. सकाळी चहा मागितला अन् पलंगावर बसला तो बसलाच." मी हेडफोन काढले. पडद्यावर त्यानं टिपलेला पाळणा हलतच होता.

भिंगारच्या बाजारात आमचा दोघांचा स्टुडिओ. लग्नं, साखरपुडे, बारशी. शूटिंग तो करायचा, एडिटिंग मी. एडिटिंगच्या पडद्यावर वर चित्राची पट्टी असते आणि खाली आवाजाच्या. कॅमेऱ्याचा माईक सगळंच पकडतो : जनरेटर, आचाऱ्यांची भांडणं आणि सगळ्यात जवळून कॅमेरामनचा आवाज. शमुवेलला तर गप्प राहून शूटिंग जमायचंच नाही. "मामा, पोट आत घ्या, फ्रेममधी मावंना." "वहिनी, हसा की, लगीन तुमचं न्हाई, जावंचं हाय!" लोक खळखळून हसायचे आणि तेवढ्यात तो हवं ते टिपायचा. फिल्ममध्ये ते हसू राहायचं आणि ते हसू आणणारा आवाज मी काढून टाकायचो. ती पट्टी बंद करायची, वर गाणं टाकायचं, फिल्म दिली की मूळ शूटिंग पुसायचं, हीच आमच्या धंद्याची रीत. तो मात्र दर वेळी म्हणायचा, "पुसू नको रं, नुसतं बंद ठेव. कुणाला तरी लागंल." हा कचरा कुणाला लागणार, असं मला तेव्हा गमतीनं वाटायचं. पुढे त्याच वाक्याचा मला संशय यायला लागला.

झालं असं की, श्रीगोंद्याच्या एका लग्नाची पट्टी बंद करता करता मला त्याचा दबका आवाज ऐकू आला. पडद्यावर समोर नागापूरला नवा स्टुडिओ टाकलेला एक ओळखीचा माणूस होता. शमुवेल म्हणाला, "त्याला एवढ्यात काही सांगू नका." पुढचं सगळं बँडनं गिळलं. 'त्याला' म्हणजे कुणाला? मी धरून चाललो, मला. हा फुटणार, गिऱ्हाइकं घेऊन जाणार, 'पुसू नको' म्हणतो तेही त्या नव्या स्टुडिओसाठीच. संध्याकाळी तो समोर बसून भेळ खात होता, तेव्हा सरळ विचारता आलं असतं. विचारलं नाही. त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक शूटिंगचा नको असलेला आवाज मी आधी पूर्ण ऐकायचो आणि मग पुसायचो. काही सापडायचं नाही. सापडत नाही म्हणजे गडी सावध आहे, असं मी स्वतःला सांगायचो.

एकदा तो मागे येऊन उभा राहिलेला मला कळलंच नाही. पडद्यावर नुसता गालिचा आणि खुर्च्यांचे पाय. कॅमेरा चालू ठेवून तो कुणाशी तरी बोलत उभा होता तेवढाच तुकडा. गाणं बंद, खालची पट्टी उघडी.

"गालिचा बघतूस व्हय?" तो म्हणाला.

"लेव्हल बघतोय आवाजाची."

"व्हय का," म्हणाला आणि माझ्याकडे न बघता बॅग ठेवून निघून गेला.

त्यानंतर शमुवेल कॅमेऱ्यामागे बोलेनासा झाला. हातानं खुणा करायचा. लोकांचे चेहरे फिल्ममध्ये ताठ दिसू लागले, गिऱ्हाइकं कुरकुरली. आणि मी? त्याचं गप्प होणं हाच मी पुरावा मानला... मनात पाप नसतं तर गप्प कशाला झाला असता!

चर्चमधली स्मरणाची प्रार्थना झाल्यावर त्याची बायको, सुवार्ता वहिनी, कॅमेऱ्याची बॅग परत द्यायला स्टुडिओत आल्या. बॅग खाली ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, फोटो लई हायेत घरात. आवाज न्हाई कुठं. फोनवर बोललेलं कोन साठवतंय? तुमच्याकडं असंल ना, कॅमेऱ्यामागचा?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तुमी सगळं ऐकलंत."

"हो."

"अन् मला एक वाक्य ठेवलं न्हाई."

मी त्यांना श्रीगोंद्याचं ते वाक्य विचारलं. 'त्याला सांगू नका' याचा अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता. "तुमाला असंल न्हाई तर आनखी कुनाला. इचारायचं हुतं, तोंड हुतं की तुमाला," एवढंच त्या बोलल्या.

बॅगेतल्या कॅमेऱ्यात त्याचं शेवटचं कार्ड तसंच होतं, तो जायच्या आदल्या दिवशीच्या साखरपुड्याचं. मी ते पडद्यावर लावलं आणि सवयीनं माझा हात आवाज बंद करायला गेला. "आता तरी नका," वहिनी म्हणाल्या. मी हेडफोन त्यांना दिले आणि शेजारी बसलो. मला फक्त चित्र दिसत होतं : पाहुणे यायच्या आधीचा रिकामा मांडव, रचलेल्या खुर्च्या, मागे ऊस. खालच्या पट्टीवरची सरळ रेघ एका जागी हलली, बारीक बारीक उंचवटे उमटले. माईकजवळ कुणीतरी बोलत होतं. कुणी आसपास नसताना बोलत होतं. वहिनींनी तोंडावर पदर धरला, मग हसल्या, मग तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

माझ्या ओठांवर आलं होतं, 'काय म्हणतोय?' त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"तुमच्याबद्दल काही न्हाई त्यात, भाऊजी."

खरं होतं, की मला गप्प करायला म्हणाल्या, कोण जाणे. मी तो तुकडा पेनड्राईव्हवर घालून दिला आणि त्या गेल्या.

साखरपुड्याची फिल्म मी खालची पट्टी बंद ठेवूनच पुरी केली. मूळ शूटिंग पुसलेलं नाही. काम करता करता ते उंचवटे दिसले की हात हेडफोनकडे जातो आणि मनात येतं, त्या बाईनं काय लपवलं असेल... आजपर्यंत ऐकलेलं नाही. उद्याचं सांगवत नाही.