खाडीकाठचं जेवणघर आणि मी

माझा नवरा वर्षातले चार-साडेचार महिने दुसरीकडे जेवायचा आणि त्याचा राग मला अजून येतो. हे वाचून कुणाच्या मनात भलतंसलतं आलं तर येऊ दे. माझ्याही मनात तेव्हा तेच यायचं.

तो सरकारी खनिज खात्यात होता. (तोंडावर मी जन्मभर ‘तुम्ही’च म्हटलं. लिहिताना ‘तो’ म्हणते, एवढा हक्क आता मला असावा.) दिवाळीचा चिवडा डब्यात असतानाच त्याचा फील्ड सीझन सुरू व्हायचा. होल्डॉल बांधायचा आणि नागपूरहून निघून थेट कोकण. काम काय, तर किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचं, काळी रेती खणायची, पिशव्यांत भरायची, पिशवीला नंबर द्यायचा आणि वहीत लिहायचं, कुठे सापडली, रंग कसा, दाणा कसा. होळी झाल्यावर रापलेल्या तोंडाने परत यायचा. तोवर प्रताप नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि दोन मुलं. प्रताप नगर म्हणजे तरी काय, सत्तरीत तिथे निम्मे प्लॉट रिकामे होते आणि संध्याकाळी त्यातून म्हशी घरी जायच्या.

त्या वहीच्या मागच्या पानांवर हॉटेलं होती. लिहिण्याची पद्धत रेतीचीच. क्रमांक एक, तरीच्या धक्क्याला लागून, सुरमईचा तुकडा जाड, कड कुरकुरीत, सोलकढी पातळ. क्रमांक दोन, माडाच्या बागेत चार टेबलं, कोलंबीभात उत्तम, मालक कमी बोलतो. क्रमांक तीन, एसटी स्टँडमागे, दिसायला काही नाही, तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी एक नंबर. आणि क्रमांक चारपुढे फक्त एवढंच, ‘खाडीकाठ. बोटीवरच्या बटलरचं जेवणघर. इथे पुन्हा पुन्हा.’ खाली दोन रेघा.

त्या दोन रेघा मला झोंबल्या. माझ्या कुठल्या भाजीखाली कुणी अर्धी रेघ मारली नव्हती.

घरी आला की महिनाभर त्याचं तेच पुराण. माझ्या हातची वांग्याची भाजी खाता खाता सांगायचा, “तुले सांगतो, टेबलावर पांढरीशुभ्र चादर. कडक स्टार्चची. पयले वाटीत सार येते. मंग तळलेला मासा. मंग भात. सगळं एकदम ताटात लोटत नाही. माणूस निवांत जेवते.”

“रांधते कोण?”

“बटलरची बायको.”

“कशी आहे?”

“चव आहे वं तिच्या हाताले.”

मी बाई कशी आहे ते विचारलं होतं, त्याने हात कसा आहे ते सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काही येरीगबाळी रांधणारी नव्हते. माझं माहेर खापा, कन्हानच्या काठचं. मासा कसा धुवायचा आणि रश्श्याला तर्री कशी आणायची हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की मसाला माझ्याकडून वाटून न्यायच्या बाया. फक्त घरातला एक माणूस जेवायचा, हात धुवायचा आणि उठायचा. “कसं झालं?” विचारलं तर “ठीक.” चौदा वर्षं ठीक. मला साडी नको होती, पाटल्या नको होत्या. त्याने एकदा माझ्या ताटावर बसून त्या बाईचं जेवण विसरावं, एवढंच मला पाहिजे होतं.

एका वर्षी तो यायच्या आधी मी तयारीला लागले. इतवारीत जाऊन अडीच मीटर लाँगक्लॉथ आणलं. भाताच्या पेजेत बुडवून असा स्टार्च केला की कापड उभं राहील. भावाला निरोप धाडून खाप्याहून मरळ मासळी मागवली. आमच्याकडे जेवणाचं टेबल नव्हतं, आम्ही खालीच बसायचो. म्हणून मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर चादर घातली आणि त्याला खुर्चीवर बसवलं. आधी वाटीत सार ठेवलं आणि आत पळाले.

“बाकीचं कुठं आहे वं?” तो बाहेरून ओरडला.

“येऊन राहिलं! निवांत जेवा ना!”

तळलेले तुकडे घेऊन आले, परत आत पळाले, भात उतरवला, परत बाहेर. त्या टेबलाचा एक पाय आखूड, हे मी विसरले होते. रस्सा ठेवायला आणि टेबल डुगडुगायला एकच गाठ पडली. सगळी तर्री त्या चादरीवर. तो उरलेलं जेवला. खरंच पोटभर जेवला. मग चादरीकडे बघत म्हणाला, “चांगलं केलं तू. पण ते असं नसते.”

ते असं नसते! मी ती चादर साबणाने आणि संतापाने तीनदा धुतली. डाग गेला नाही. शेवटी फाडून फडकी केली.

पुढल्या वर्षी त्याला एलटीसी मिळाली. सरकारी खर्चाने कुटुंबाला फिरवून आणायचं. शेजारपाजारचे काशी करायचे, कुणी उटीला जायचं. मी म्हटलं, “मले तिथं न्या.”

“कुठं?”

“तुमच्या वहीतल्या हॉटेलांत. एकापासून चारपर्यंत.”

“काहून?”

“जेवाले,” मी म्हटलं. तो हसला. त्याला वाटलं, बायको हौशी झाली. मी निघाले होते ती त्या बाईला बघायला. मुलांना खाप्याला आईकडे सोडलं आणि दोन दिवसांची गाडी आणि तीन एसट्या करून आम्ही किनाऱ्याला पोचलो.

क्रमांक एकची सुरमई खरोखर जाड होती. मी म्हटलं, मीठ कमी. क्रमांक दोनचा कोलंबीभात मी चाटूनपुसून खाल्ला आणि म्हटलं, तांदूळ जुना नाही. तिखट तर त्या लोकांना माहीतच नव्हतं. पर्समध्ये मी आमच्या भिवापुरी मिरचीची डबी आणली होती. टेबलाखाली उघडायची आणि चिमूट टाकायची. तो बघायचा आणि खिडकीबाहेर तोंड करायचा. एसटी स्टँडमागच्या तिसऱ्यांच्या आमटीला मात्र मी नाव ठेवू शकले नाही. तिथे मी जागेला नाव ठेवलं.

क्रमांक चारला आदल्या दिवशी निरोप द्यावा लागे. खाडीच्या काठाला चिऱ्याचं घर, पुढे लांब पडवी, पडवीत आठ टेबलं. चादरी तशाच होत्या, पांढऱ्या, कडक, टेबलाच्या चारी बाजूंनी सारख्या लोंबलेल्या. पाय एकाही टेबलाचा आखूड नसावा. बटलर साठीचा, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेला. “या वहिनी,” म्हणून त्याने माझ्यासाठी खुर्ची मागे ओढली. खुर्ची ओढतात कशाला हे मला कळेना, मी उभीच राहिले, मग समोरच्या खुर्चीवर नवरा बसला तशी बसले. आमच्याशिवाय आणखी एक टेबल भरलेलं होतं, मुंबईहून मोटारीने आलेलं मध्यमवयीन जोडपं.

मग ती बाहेर आली, तिला तिथे सगळे माई म्हणायचे. पदराला हात पुसत, माझ्या आईच्या वयाची, गोल, पुढचे दोन दात नसलेली. माझ्याकडे बघून तोंडभर हसली. किती वर्षं मी हिच्याशी मनातल्या मनात भांडले होते! मी इतकी सैल झाले की मलाही हसू फुटलं. आता हिचा काय मत्सर करायचा, निवांत जेवावं, असं ठरवून मी नवऱ्याकडे वळले.

खुर्चीवर नवरा नव्हता.

तो आतून आला. डाव्या खांद्यावर पांढरा रुमाल, हातात ट्रे, ट्रेमध्ये साराची वाटी. माझ्या डाव्या बाजूने वाकला, वाटी आवाज न करता ठेवली आणि म्हणाला, “घे, गरम आहे तोवर.”

मी बटलरकडे बघितलं. तो म्हणाला, “बोटीवरची रीत वहिनी. जुन्याने नव्याला वाढायचं. पाच वेळा जेवला की तो जुना. दादा तर आता घरातलेच.”

चौदा वर्षांत या माणसाने मला पाण्याचा पेला दिला नव्हता. तापात असतानासुद्धा शेजारणीला हाक मारली होती. मी त्या वाटीला हात लावेना. त्याच्याआधी जेवायची मला सवयच नव्हती.

“तुम्ही बसा ना जी.”

“तू जेव. मी मागून जेवतो.”

हे वाक्य माझं होतं. रोज दोनदा मी ते म्हणत आले होते. त्याच्या तोंडी ते इतकं सहज आलं की मला तो कुणी परका वाटला. सार निवलं. बटलरने ते उचललं आणि आतून दुसरं गरम आलं. तेही निवलं. तिसऱ्या वाटीला मी चमचा बुडवला, कारण मुंबईची बाई माझ्याकडे बघायला लागली होती.

मग मासा आला. अख्खा पापलेट. त्याने दोन चमचे घेतले, पाठीवरून एक रेघ ओढली, वरचा भाग बाजूला केला आणि मधला काटा शेपटीपासून डोक्यापर्यंत एका ओढीत उचलून घेतला. एक बारीक काटाही मागे राहिला नाही. माझ्यासाठी. तेवढ्यात दारातून ती माई कौतुकाने म्हणाली, “दादांसारखा काटा इथे कोणी काढीत नाही. मागे पुण्याच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्या तर म्हणाल्या, काटा काढायला तेच पाहिजेत.”

पुण्याच्या डॉक्टरीणबाई!

मी माईचा मत्सर करत होते. किती वेडी होते मी. मत्सर करायला तर अख्खी पडवी होती. पुण्याच्या डॉक्टरीणबाई, त्यांच्याआधीचे, नंतरचे, मोटारीने आलेले, निरोप देऊन आलेले, ज्यांची नावंही त्याला ठाऊक नव्हती असे सगळे. तो आता मुंबईवाल्यांच्या टेबलाकडे गेला होता. तसाच डावीकडून वाकला. “घ्या, गरम आहे तोवर,” म्हणाला. तोच आवाज. मला आयुष्यात पहिल्यांदा जे मिळालं होतं, ते तिथे येणाऱ्या प्रत्येकाला मिळत होतं.

जेवण कसं होतं ते मला कुणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. मला चव कळली नाही. मी त्याचे हात बघत होते. न बघता तो दारामागे हात घालून रुमाल घ्यायचा. तुपाचा चमचा कुठल्या खिळ्याला, मिठाची बरणी कुठल्या फळीवर, सगळं त्याच्या बोटांना माहीत होतं. आत माईला काहीतरी सांगून हसत होता, आणि ते हसूही मी नागपुरात पाहिलं नव्हतं. माझं सगळं आटोपल्यावर तो स्वयंपाकघरातच पाटावर बसला आणि उरलेलं जेवला. निघताना माईने मला ओलं खोबरं घालून केलेल्या वड्या बांधून दिल्या. मी तिच्या पाया पडले. तिच्यावर माझा राग राहिलाच नव्हता, तो सगळा माझ्यासोबत एसटीत बसला.

परतीच्या वाटेवर मी बोलले नाही. त्याला वाटलं खाऱ्या हवेने डोकं धरलं. दोनदा त्याने विचारलं, “काय झालं वं?” काय सांगणार? की तुम्ही मला वाढलं म्हणून माझं पोट दुखतंय?

नागपूरला पोचलो तेव्हा चार वाजले होते. मुलं अजून खाप्यालाच. घर बंद राहून कोंदट झालेलं. मी झाडलं, पाणी भरलं, खिचडी टाकली. ती झाली तसा स्टोव्ह विझवला. तो हातपाय धुऊन नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसला होता. रोज बसायचा तसाच, समोर जमिनीवर ताट येईल एवढी जागा सोडून. मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

“आज तुम्ही वाढा,” मी म्हटलं.

तो हसला. “एवढंच ना! दोन दिवसांपासून तोंड फुगवून याच्यासाठी बसली होती काय?” आणि खरंच उठला. कुरकुर नाही, आढेवेढे नाहीत. खांद्यावर पंचा टाकून आत गेला. मला वाटलं, चला, आता होईल सगळं नीट. मी पदर सावरून ताठ बसले.

आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. डबे सरकले. वरच्या फळीवरून काहीतरी घरंगळलं. पुन्हा एक दार. आठ पावलांवरचं स्वयंपाकघर ते. मी एकटीने लावलेलं, पण त्याच्याच पगारातून आलेलं.

“अवं,” तो आतून म्हणाला, आणि त्याचा आवाज असा होता की जणू तो दुसऱ्याच्या घरात आलाय, “ताटं कुठं ठेवते तू?”

मला रडू आलं. मी उठणारच होते, गुडघ्यावर हातसुद्धा टेकला होता. मग खाली बसले.

“शोधा,” मी म्हटलं.