तेल पाजलेलं पिस्तूल

जळगाव स्टेशनात उतरलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं आणि माझ्या काखेत एक मेलेलं पिस्तूल होतं.

मेलेलं हा शब्द माझा नव्हे. पुण्यातल्या आमच्या रायफल क्लबातल्या जाणकारांनी तसा दाखला एकमुखाने दिला होता. एकाने तर टोपी काढून दोन मिनिटं शांतता पाळली. हे हवेचं पिस्तूल. यात दारू नसते, जाळ नसतो. नळी मोडून आतली स्प्रिंग ताणायची आणि चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि शिशाचा छर्रा सुटतो. या सगळ्या रामायणाचा भार दट्ट्याच्या तोंडाशी बसवलेल्या चामड्याच्या एका वायसरवर. माझं वायसर वाळून चिरफाळलं होतं. छर्रा दहा मीटरवरच्या कागदाकडे असा निघे, की वाटेत बसून बिडी ओढून मग पोचतो की काय!

आणि दुसऱ्याच दिवशी धुळ्याला निवड स्पर्धा होती.

तिची किंमत आधी सांगून ठेवतो. त्या काळी परदेशी पिस्तूल मागवायचं, तर आधी नामांकित नेमबाज असल्याचा सरकारी शिक्का लागे. शिक्क्यासाठी राज्याच्या संघात जावं लागे. संघात जायला गुण लागत, आणि गुण मिळवायला परदेशी पिस्तूल लागे. या रहाटगाडग्यात मी चाळिशी ओलांडली होती. त्यात डोळे! पिस्तुलाच्या टोकाला असते ती माशी, मुठीकडे असते ती खाच. माशी खाचेत मधोमध आणि लख्ख दिसायला हवी. गेल्या दिवाळीपासून माझ्या माशीला पंख फुटले होते. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "एखादं वर्ष काढाल." म्हणजे धुळे ही शेवटची गाडी होती.

स्टेशनबाहेर थंडी झोंबत होती. केळीच्या घडांनी लादलेले ट्रक एकामागे एक उभे होते. मी दोन चहा घेतले, एक थंडीसाठी आणि एक धीरासाठी, आणि सराफ बाजाराच्या मागे गजमलनाना मिस्तरींचं दुकान शोधून काढलं.

नाना बंदुका दुरुस्त करत. केळीच्या बागांत रानडुकरं शिरतात, म्हणून शेतकऱ्यांकडे परवान्याच्या बंदुका असत आणि त्या सगळ्या कधी ना कधी नानांच्या बाकावर येत. गृहस्थ भलताच आढ्यताखोर. भिंतीवर देवाच्या तसबिरीपेक्षा स्वतःची तसबीर मोठी. माझी पेटी उघडून त्यांनी पिस्तुलाआधी बाकीचं सामान बाहेर काढलं: कडक टाचांचे बूट, कपाळपट्टी आणि डाव्या डोळ्यापुढे लावायचं काळं झाकण.

"हे काय, भाऊ?"

"झापड. नेम धरताना दुसरा डोळा मिटायचा नसतो, नुसता झाकायचा."

"टांग्याच्या घोड्याला असते, तशी?"

"तशीच."

"मग टांगा कुठे उभा केला?" आणि स्वतःच्याच विनोदावर नाना एवढे हसले, की गिऱ्हाइकं आत डोकावली.

मग पिस्तूल हातात घेऊन त्यांनी चाप ओढला. फुस्स. "दमा आहे याला. नवं वायसर करतो. पण आधी सांग, तू बघतोस कुठे? कागदाकडे की माशीकडे?"

"माशीकडे बघतो, पण डोळा कागदाकडे पळतो."

"सगळे तिथेच मरतात. डुक्कर मारणाराही डुकराकडे बघतो आणि माझ्याकडे येऊन नळी वाकडी म्हणतो. कागद कुठे पळून जातोय? माशी धर."

हाच सल्ला मी क्लबात नवख्यांना वर्षानुवर्षं देत आलो होतो. पण नाना तो असा देत होते, जणू आत्ताच स्वर्गातून उतरला.

चामडं भिजवून, पितळी साच्यात दाबून त्यांनी उन्हात ठेवलं. ते सुकेपर्यंत मागच्या अंगणात भरीत निघालं. पळकाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काटक्यांच्या) जाळावर भाजलेली हिरवी वांगी, ठेचलेल्या मिरच्या, पातीचा कांदा आणि सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. नाना म्हणाले, "बघ, आता माशी आणखी स्वच्छ दिसेल."

दुपारी वायसर बसलं. चरबीचं एक बोट त्यावर फिरवून नानांनी लोखंडी शिकंज्यात स्प्रिंग दाबली आणि पिस्तूल बंद केलं. चापाचं वजन नियमापेक्षा हलकं चालत नाही. ते तपासायला त्यांनी शेजारच्या सराफाकडून अर्धा किलोचं वजन मागून आणलं. "वाण्याचं नाही घेतलं," ते डोळा मिचकावत म्हणाले, "वाण्याचा अर्धा किलो दर दिवाळीला बारीक होतो." वजन चापाला टांगलं, चाप हलला नाही. मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरावर पाच छर्रे मारले. पाचही एका रुपयाखाली झाकतील एवढ्यात. मी नानांना मिठीच मारली.

"एक ऐक," मिठी सोडवत नाना म्हणाले, "याला तेल दाखवायचं नाही. चरबी प्यायलंय ते, वर्षभर पुरेल. तेल घातलंस तर माझं नाव सांगू नकोस."

मी म्हटलं, "नाना, मी काय वेडा आहे?"

मी वेडा नव्हतोच. पण मुक्काम अमळनेरला साडूंकडे होता.

साडू वसंतराव म्हणजे तेलाचं घर. मागच्या दारी घाणा, पुढच्या दारी डबे आणि मधे माणसं. पॅसेंजरने संध्याकाळी पोचलो, तर ते स्टेशनवर हजर. ओट्यावर पाय ठेवला तोच त्यांच्या आईने, अक्कांनी, माझ्या पायांकडे पाहिलं. "जावईबापू, बूट किरकिर करतस." मी हात धुऊन येईतो बुटांना तेल लागलं होतं. पेटीच्या बिजागऱ्यांना लागलं. छत्री उघडून तिच्या काड्यांना लागलं. मी हसायला लागलो, तर अक्का गंभीरपणे म्हणाल्या, "आमना घरमाईन कोनी कोरडं जात नही." (आमच्या घरातून कोणी कोरडं जात नाही.) त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेली रीत. एकदा पोस्टमनची सायकलसुद्धा तेल पिऊन गेली होती.

रात्रीच्या जेवणात खिचडी. तिच्यात मधोमध आळं करून अक्कांनी घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेल ओतलं. मी नको नको म्हणत तीनदा घेतलं. जेवता जेवता नानांच्या पराक्रमाचं कीर्तन लावलं: चामडं कसं भिजवलं, कसं दाबलं, कॅलेंडराचं काय झालं. अक्कांनी एवढंच विचारलं, "चामडं शे ना?"

"हो अक्का, अस्सल चामडं."

अक्का आणि वसंतराव यांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर मला तेव्हा कळायला हवी होती. पण मी चौथ्यांदा आळं करत होतो.

सकाळी आंघोळ करून आलो तर पेटी देवापुढे. वर हळदकुंकू, एक फूल. मी गहिवरलो. पेटी कशी आहे ते बघायचं सोडून तिला नमस्कार केला.

वसंतराव सोबत निघाले. साडू नेम मारणार आणि आपण दुकानात बसणार, हे त्यांना पटेना. धुळ्याच्या एसटीत कंडक्टरने विचारलं, "पेटीमा काय शे?"

"पिस्तूल," मी म्हणालो.

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग मांडीवर घ्या, साहेब. टपावर हवा लागी." सबंध गाडी खदखदली. वाटेत दोन्हीकडे कपाशीची शेतं, वेचणी संपत आलेली, बोंडांत अडकलेले पांढरे धागे. मी खिडकीतून बोट लांब करून प्रत्येक खांबावर नेम धरत होतो. बोटाचं टोक लख्ख दिसत होतं. देवाशपथ, कित्येक महिन्यांत एवढं लख्ख दिसलं नव्हतं.

पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलो. एका शाळेच्या सभागृहात स्पर्धा होती. पलीकडे कागद, अलीकडे टेबलं, मागे बाकांवर प्रेक्षक. रेंज ऑफिसर म्हणजे निवृत्त सुभेदार, मिशी इस्त्री केलेली. सरावाचे छर्रे मारण्याचा हुकूम झाला. मी झापड लावली, हात उचलला, माशी धरली आणि चाप ओढला.

धडाम!

सभागृहातली कबुतरं उडाली. माझ्या पिस्तुलाच्या नळीतून निळसर धूर निघाला आणि शेंगदाणे भाजल्याचा खमंग वास पसरला. मागून कोणीतरी विचारलं, "भज्या कोन तळी ऱ्हायना रे?"

सुभेदार धावत आले. "थांबा! बार कोणी काढला?"

"साहेब, हवेचंच पिस्तूल आहे."

"हवेला धूर येतो?"

डिझेलच्या इंजिनात जे होतं तेच झालं होतं. दाबलेली हवा तापते आणि आत तेल असलं की ते पेट घेतं. मी वळून बाकांकडे पाहिलं. वसंतराव उभे राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते. "वा! काय आवाज! अहो, तुमची आंघोळ चालली होती तेव्हा अक्कांनी पळीभर पाजलं त्याला! घाण्याचं ताजं!"

पळीभर. जिथे नाना चरबीचं एक बोट लावून थांबले होते, तिथे पळीभर.

पंचांनी छर्रे आणि पिस्तूल तपासलं, हुंगलं आणि नियमात वासाबद्दल काही नसल्याने पुढे जाऊ दिलं. खोलून पुसायला वेळ मागितला असता, पण स्प्रिंग दाबायचा शिकंजा जळगावात नानांच्या बाकावर. दुसऱ्याचं पिस्तूल घ्यावं, तर जो तो आपल्याच मुठीला चिकटलेला, आणि माझी मूठ माझ्याच पंजाच्या मापाने कोरलेली.

तेव्हा मारत राहिलो. धडाम, छर्रा कागदाच्या वरच्या कडेला. धडाम, त्याहून वर. मधेच एक फुस्स, तो काळ्या वर्तुळाच्या खाली. कुठला पेटणार आणि कुठला नाही, हे अक्कांच्या पळीलाच ठाऊक. मी खाच खाली घेतली, वर घेतली, पुन्हा खाली घेतली. शेजारचा तरुण नेमबाज डोळे पुसत होता, हसून की धुराने ते कळलं नाही. प्रत्येक धडामला वसंतराव आसपासच्यांना सांगत होते, "आमचे साडू! पुण्याचे!"

शेवटचे दहा छर्रे उरले तेव्हा गणित संपलं होतं. आता उरलेले सगळे छर्रे नेमके मधोमध बसले, तरी संघ दूरच होता. आणि तिथेच तेल जळून संपलं.

शेवटच्या दहा छर्‍यांबद्दल मी फारसं बोलत नाही. आवाज होता फक्त टप्, टप्, नानांच्या भिंतीवर आला होता तसा. हात जागच्या जागी. माशी खाचेत काळीभोर, कडा सुरीने कापल्यासारख्या. कागद कुठेही पळाला नाही. त्या दहांत सभागृहातल्या कोणाहीपेक्षा माझे गुण जास्त होते. सुभेदारांनी तो कागद दोनदा उजेडाकडे धरला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मात्र मला खरोखर रडू आलं. आधी आलं नव्हतं.

शेवटची घोषणा झाली, माझं नाव तळाशी. वसंतराव भेटले ते फुलून. "काय गाजवलंत! शेवटी शेवटी आवाज बसला बघा. दुपारी आणखी थोडं घालायला पाहिजे होतं."

ओठांवर सगळं आलं होतं. वायसर, शिकंजा, शिक्का, डोळे. मग आठवलं, पेटी देवापुढे कोणी ठेवली होती.

"अक्कांना सांगा," मी म्हणालो, "सबंध धुळ्यात एवढा आवाज कोणाचा झाला नाही."

ते खरंच होतं.

पुण्याला आल्यावर पिस्तूल खोललं. वायसर कोळशासारखं काळं, कडा करपलेल्या. नव्यासाठी जळगाव गाठता आलं असतं, पण नानांना काय तोंड दाखवू? आणि जाऊ-नको करता करता डॉक्टरांचं एखादं वर्ष पुरतं सरलंही. एका सकाळी हात लांब करून बोटाकडे पाहिलं, तर तिथे दोन बोटं होती.

अक्कांनी दिलेला तेलाचा डबा मात्र स्वयंपाकघरात होता. बायकोने खिचडी केली, मधोमध आळं केलं आणि माझ्याकडे पाहून थांबली. "घालू का?"

मी त्या डब्याकडे पाहिलं. मग ताट पुढे सरकवलं.