दौलतरावांची उजवी बाही

ठाण्याच्या एका कचेरीत दौलतराव गुप्ते आणि मी अकरा वर्षं शेजारी शेजारी बसून दस्तऐवजांच्या नकला केल्या. त्यांचा उजवा हात मनगटापासून वाळलेला होता. कामासाठी आलेली माणसं आधी त्या हाताकडे बघत आणि मग चुकचुकत. त्या चुकचुकण्याने माझं डोकं फिरे. दौलतराव मात्र शांत. "बघू दे हो," म्हणत, "लपवून पाहिलाय मी." तो लपवण्याचा प्रकार त्यांनीच मला सांगितला.

ते कल्याणच्या दूधनाक्यावरचे. कायस्थ प्रभूंचं घर, म्हणजे पोटापाण्याला लेखणी हे ठरलेलंच. आठव्या वर्षी ते चिंचेवरून पडले. आईने, आवडाबाईंनी, हाडवैद्य बोलावला. त्याने कामट्या इतक्या आवळून बांधल्या की महिन्याने सोडल्या तेव्हा बोटं आत वळली होती, ती पुन्हा उघडली नाहीत. तेव्हापासून आवडाबाई शिंप्याला सांगून अंगरख्याची उजवी बाही वीतभर लांब शिवून घेत. लग्नकार्यात हात त्या बाहीत असे.

पंतोजींनी डाव्या हाताने पाटीला शिवू दिलं नाही, तेव्हा वडिलांनी घरीच शिकवलं. डाव्या हाताने लिहिताना तो ओल्या शाईवरून फिरतो आणि ओळ पुसली जाते. वडिलांनी तोड काढली. कागद उजवीकडे वळवून उभाच धरायचा, म्हणजे ओळ वरून खाली आपल्याकडे येते आणि हात कायम कोऱ्या भागावर राहतो. उजवं मनगट कडेच्या समासावर टेकवायचं, कागद हलत नाही. फक्त बाही कोपरापर्यंत दुमडून घ्यायची. घरी ते तसंच लिहीत. अक्षर मोत्यासारखं होतं, हे मी अकरा वर्षं पाहिलं आहे.

अठराशे ब्याऐंशीत वडील गेले आणि घर दौलतरावांवर आलं. ते तेवीस वर्षांचे होते. कल्याणातल्याच एका कचेरीत नकलनवीस हवा होता. दौलतराव गेले, पण चारचौघांत बाही दुमडायचा धीर झाला नाही. लिहायला बसल्यावर ती लांब बाही ओल्या ओळींवर पसरली आणि तीन ओळी पुसून गेल्या. अंमलदाराने हाताला काय झालंय म्हणून विचारलं. दौलतरावांच्या तोंडून निघून गेलं की मुरगळलाय, दोन दिवसांत बरा होईल. अंमलदाराने बाही वर करायला लावली.

"हात अधू आहे म्हणून मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "तुम्ही खोटं बोललात. इथे लोकांचे कागद असतात."

अंमलदाराचं बरोबर होतं असं दौलतराव म्हणत. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. गावाने त्या हाताला नावं ठेवली नसती तर बाही लांब झालीच नसती. पण नोकरी गेली ती गेलीच.

चार महिन्यांनी आमच्या कचेरीत जागा निघाली. दौलतराव आगगाडीने ठाण्याला आले. दारातच थांबून त्यांनी दातांनी धरून उजवी बाही कोपराच्या वर दुमडली आणि मग आत गेले. मी तेव्हा तिथे नोकरीला होतो, त्यामुळे पुढचं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. शिरस्तेदार विसाजीपंत जुन्या वळणाचे. समोरून डाव्या हाताने अर्ज पुढे आला तसा त्यांनी आपला हात मागे घेतला आणि कागद खाली ठेवायला सांगितलं.

दौलतरावांनी तो ठेवला नाही. "माझा उजवा हात लहानपणीच गेला, तो बरा होणारा नाही," ते म्हणाले. "जो चालतो त्याने देतो आहे. यात आपला अपमान नाही. लिहितोही यानेच, तेव्हा आधी अक्षर बघावं."

एवढं बोलताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण अर्ज तसाच पुढे धरलेला होता. शेवटी विसाजीपंतांनी तो घेतला.

पाच उमेदवार होते. सगळ्यांना एकच मजकूर सांगितला. दौलतरावांनी कागद उभा वळवला, तो वाळलेला हात सगळ्यांसमोर समासावर ठेवला आणि बोरू शाईत बुडवला. एकजण हसला. लिहून संपवण्यात ते पहिले आले नाहीत, दुसरे आले, पण कागदावर एक डाग नव्हता. विसाजीपंतांनी त्यांना आणखी दोन पानं लिहायला लावली, नंतर विचारलं की हात दुखत नाही का.

"दुखतो," दौलतराव म्हणाले. "सगळ्यांचाच दुखत असेल."

विसाजीपंतांनी त्यांना सोमवारपासून यायला सांगितलं.

घरी गेल्यावर आवडाबाईंनी पहिलं काय विचारलं असेल तर हात कुणी पाहिला का. सगळ्यांनी पाहिला, मीच दाखवला, असं दौलतरावांनी सांगितलं. आवडाबाईंनी अंगरखा मांडीवर घेऊन उजवी बाही वीतभर कापली.

"वैद्याला मीच बोलावलं होतं रे," त्या म्हणाल्या. "ते माझंच झाकत होते मी इतकी वर्षं."

कापलेल्या तुकड्याचा त्यांनी बोरू पुसायला फडका करून दिला. दौलतराव तो रोज कचेरीत आणत. अकराव्या वर्षी तो शाईने पुरता काळा झाला होता, तरी त्यांनी बदलला नाही.