मामांनी मारलेली गाठ

जगातल्या कुठल्याही प्रथेचा अर्थ आमच्या मुलीच्या मामांना ठाऊक नाही, असं आजवर घडलेलं नाही. ज्यांची ती प्रथा असते त्यांना मात्र तो पुष्कळदा ठाऊक नसतो. मामा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. पुण्याहून येऊन कॅनडात ब्रॅम्पटनला पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून जन्म काढला, लग्न केलं नाही, आणि रिटायर झाल्यापासून लोकांना त्यांच्याच चालीरीती समजावून सांगायचं काम अंगावर घेतलं. शेजारच्या पंजाबी घरात लग्न निघालं, तेव्हा नवरा मुलगा घोडीवर का बसतो हे त्यांनी नवऱ्या मुलाच्या बापालाच धरून सांगितलं. बाप सज्जन. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात जोडले आणि मिठाईचा डबा देऊन सुटका करून घेतली. समोरच्या गोऱ्या बाईंनी ख्रिसमसला दारावर पानांचं कडं लावलं, तर "धिस इज अवर तोरण ओन्ली" असं सांगून मामांनी ते त्यांना चौकटीच्या वर, बरोबर मधोमध लावायला लावलं. बाई उंचीनं बेताच्या. आता दर डिसेंबरात शिडी घेऊन मामाच जातात.

या मामांची एकुलती एक भाची म्हणजे आमची इरा. तिनं वॉटर्लूला शिकता शिकता मातेओ पसंत केला. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचा, मेक्सिकन घराण्यातला हसरा मुलगा. त्याची आजी थकलेली, पण लग्नाला इकडे कॅनडात यायला तयार. तिच्या डोळ्यांदेखत चर्चमध्ये लग्न व्हावं आणि दोन-दोन लग्नांचा घाट नको, म्हणून तेवढं एकच करायचं ठरलं. लग्नानंतर दोघं टेक्सासला जाणार हेही ठरलं. मामांचा चेहरा पडला.

"म्हणजे बोहलं नाही? मग भाचीला बोहल्यावर आणायचं कुणी?"

"चर्चमध्ये ते काम बापाचं असतं," मी म्हणालो, आणि खरं सांगतो, म्हणताना मला जरा बरंच वाटलं.

मामा रुसले. आपण रुसलो आहोत हे सांगायला रोज फोन करू लागले. शेवटी इरा स्वतः ब्रॅम्पटनला गेली. "मामा, लिसन. त्यांच्याकडे पाद्रिनो असतात. लासो घालायचा मान तुझा. यू अँड मातेओची मावशी. आय वॉन्ट यू, ओके?"

लासो म्हणजे मण्यांची लांब दुपदरी माळ. नवरा-नवरी गुडघे टेकून बसले की ती दोघांच्या खांद्यांवरून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी टाकतात. आता तुम्ही जन्माचे बांधले गेलात, असा अर्थ. ती घालणारे ते पाद्रिनो, आणि मातेओच्या घरच्या रीतीप्रमाणे पुढे संसारात कुरबुर झाली तर जोडप्यानं त्यांच्याकडेच जायचं. हे ऐकून मामांचा रुसवा जागच्या जागी विरला. "अगं, हे तर आपलंच! उपरण्याला शेल्याची गाठ!"

मग ते अभ्यासाला लागले. नवरा नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो हे कळल्यावर त्यांना चैन पडेना. शुभकार्यात तेराव्याचं काय काम? मातेओच्या आईनं येशू आणि त्याचे बारा शिष्य असा खुलासा केला, तो मामांनी नम्रपणे नामंजूर केला. मग एका सकाळी फोन आला. "बारा महिने आणि तेरावा अधिक मास! जावयाचा महिना! बघ, सगळं बसतं." जावयाच्या महिन्यात अनारसे हवेतच, म्हणून टेक्सासहून आलेल्या समस्त पाहुण्यांनी रिहर्सलच्या दिवशी अनारसे खाल्ले. आशीर्वाद झाला की लासो अलगद काढून घ्यायचा, असं फादर त्या दिवशी मामांना समजावत होते. पण नेमके तेव्हा मामा फादरना अधिक मास समजावत होते.

लग्नाच्या दिवशी मी इराला हात धरून आत नेलं आणि बाकावर येऊन बसलो. मावशींनी आणि मामांनी लासो घातला. मग मामा मागे सरकले, मान वाकडी करून पाहिलं, पुन्हा पुढे झाले आणि इराच्या पाठीमागे काहीतरी खुडबुड करून समाधानानं उभे राहिले. आशीर्वाद झाला. मावशींनी लासो उचलला. तो निघेना. पंपांच्या कारखान्यातल्या माणसानं मारलेली गाठ ती! मातेओकडचे वाजंत्री ट्रम्पेट तोंडाशी धरून थांबले, फादर थांबले, आजी चष्मा पुसू लागली. मामा वाकून गाठ सोडवू लागले, पण ती अधिकच आवळली गेली.

"मामा, इट्स ओके. सावकाश," इरा मागे न बघता म्हणाली.

"माळ सैल होती गं," मामा म्हणाले, "सुटली असती."

मावशींना वाटलं, ही आमची प्रथा असावी. त्यांनी हळूच विचारलं, "व्हॉट डज द नॉट मीन?"

मी कान टवकारले. आता उपरणं, शेला, सगळं येणार. पण मामांनी गाठीवरचा हात काढला. "नो मीनिंग," ते म्हणाले. "शी इज गोइंग सो फार." आणि सगळ्यांदेखत डोळ्यांना रुमाल लावला. मलाही तेव्हा राहवलं नाही.

मावशींनी फादरना स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं आणि लासो तसाच राहू दिला. ट्रम्पेटं वाजली, आणि दोघं त्या माळेत अडकलेली, एकमेकांना सावरत, दारातून तिरकी होऊन बाहेर पडली.

आता तो लासो गाठीसकट सॅन अँटोनिओच्या घरात भिंतीवर लावलेला आहे. मामा दर रविवारी व्हिडिओवर आधी तो बघायला मागतात आणि मग आशेनं विचारतात, "काय, भांडलात का?" वर्षभर बिचाऱ्यांची निराशाच झाली. मग गेल्या रविवारी इरानं सांगितलं की हो, जोरात भांडलो, तू ये आणि मिटव. मामांनी त्याच दिवशी तिकीट काढलं.

मी बाप पडलो. लगेच तिला फोन लावला. भांडण कशावरून झालं गं?

"कसलं भांडण, बाबा?" ती म्हणाली. "मामाला गाडीचे विंटर टायर्स विकून टाक म्हणावं. आता त्यानं इथेच राहायचं, आणि इथे स्नो नाही."