एक जूनला जन्मलेला कारखाना

मुबारक पठाण वाळूजच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात एकुलता एक प्रोग्रामर होता. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी त्यालाच बोलवायचे, आणि कॅन्टीनचा टीव्ही बंद पडला तरी त्यालाच. राहायला बजाजनगरात, बायको फहमिदा तिथल्याच एका शाळेत शिकवायची. स्वभाव भिडस्त. कुणाला नाही म्हणायचं असलं की तो "बघतो" म्हणायचा, आणि मग खरंच बघत बसायचा.

त्या वर्षी एचआरला राजकुमार साहेब आले. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की कामगार आनंदी नाहीत. कारखान्यात एकदाही न फिरता त्यांना हे एका तक्त्यावरून कळलं होतं. त्यावर त्यांनी वाढदिवसाचा उपाय काढला. ज्याचा वाढदिवस त्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी, अर्धा किलो केक आणि मोबाइलवर शुभेच्छा.

"सगळं ऑटोमॅटिक झालं पाहिजे," ते मुबारकला म्हणाले. "केकची ऑर्डरसुद्धा. माणसाचा हात लागता कामा नये."

मुबारकला बरं वाटलं. तारखांचा हिशोब त्याच्या आवडीचा. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एका तारखेतून दुसरी वजा केली की मधले दिवस लगेच हातात येतात. पण महिना मिळवायला गेलं की भाषा आढेवेढे घेते, कारण एकतीस जानेवारीत एक महिना मिळवून जायचं कुठं, हे तिलाही ठाऊक नसतं. त्यात पॅकिंगच्या सत्यभामाबाई निघाल्या एकोणतीस फेब्रुवारीच्या. अख्ख्या कारखान्यात तशा त्या एकट्याच. मुबारकनं त्यांच्यासाठी आठवडा घातला. साध्या वर्षी केक अठ्ठावीस फेब्रुवारीला द्यायचा की एक मार्चला, हे त्यानं जाऊन त्यांनाच विचारलं.

"कवा बी द्या," त्या म्हणाल्या, "फकस्त अंड्याचा नको."

बाकीच्या तारखा त्यानं उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. त्या सरळ होत्या.

एप्रिल-मे मजेत गेले. आठवड्याला चार-पाच केक यायचे, राजकुमार साहेब फोटो काढून मुख्य कचेरीला पाठवायचे. मग एक जून उजाडला. पहिली पाळी सुरू होते न होते तोच क्रांती चौकातल्या बेकरीवाल्याचा टेम्पो गेटवर आला. त्याच्या मागं आणखी एक. ऑर्डर इतकी मोठी होती की त्यानं आजूबाजूच्या बेकऱ्यांनाही कामाला लावलं होतं. गेटवरच्या वॉचमननं एवढे केक आत सोडायची परवानगी कुणाची, हे विचारण्यात तासभर घालवला. तोवर उन्हात सगळी क्रीम पाघळली. दुपारी निम्मा कारखाना शुभेच्छा वाचत, पाघळलेला केक मांडीवर धरून बसनं घरी गेला आणि मशिनं बंद पडली.

राजकुमार साहेबांनी मुबारकला बोलावून घेतलं.

"तुमच्या प्रोग्राममध्ये बग आहे."

"नाही साहेब. तारखा तशाच आहेत."

"निम्मा कारखाना एकाच दिवशी जन्माला आला?"

"कागदावर तरी आलाय."

त्या संध्याकाळी मुबारकनं जेवताना सासऱ्यांना विचारलं. फहमिदाचे वडील याह्या गुरुजी गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मभर मास्तर होते. आता लेकीकडंच राहायचे.

"अब्बा, इतक्या लोकांची एक जून कशी काय?"

"शाळा जूनात भरायची," गुरुजी भाकरी मोडत म्हणाले. "माय पोराला घेऊन यायची. कधी झाला म्हणावं, तर म्हणायची ज्वारी काढणीला आली व्हती तवा. कोणत्या सालची ज्वारी, ते तिलाबी नाय माहीत. मग मी पोराला सांगायचो, हात डोक्यावरून ने अन् पलीकडचा कान धर. हात पोचला की सहा वर्षं पुरी. चालू सालातून सहा वजा, महिना जून, तारीख एक."

"आणि हात नाही पोचला तर?"

"तर मान वाकडी करायला सांगायचो. पटसंख्या भरायची असायची ना."

फहमिदा हसली. मुबारकला मात्र हसू आलं नाही. गुरुजींच्या हिशोबात त्याला एकही चूक सापडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं हे सगळं साहेबांना सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे तारखा खोट्याच आहेत. मग बदलायला काय हरकत?"

"खऱ्या आपल्याला माहीत नाहीत, साहेब."

"खऱ्या कुणी मागितल्या? वेगवेगळ्या करा."

"केकपुरती दुसरी तारीख ठेवू का?"

"एका माणसाला दोन जन्मतारखा? ऑडिटवाल्यांना काय सांगू मी?"

मुबारक "बघतो" म्हणाला. त्यानं जुन्या तारखांची एक प्रत बाजूला ठेवली आणि प्रोग्राम लिहिला. कामगाराच्या टोकन नंबरला तीनशे पासष्टनं भागायचं, बाकी उरेल तितके दिवस एक जूनमध्ये मिळवायचे. बटण दाबताच एक जूनची माणसं वर्षभर पसरली. वजाबाकी कुठंच नसल्यामुळं झाडून सगळी तरुणही झाली. महिनाअखेरच्या अहवालात कामगारांचं सरासरी वय उतरलेलं पाहून मुख्य कचेरीनं राजकुमार साहेबांचं अभिनंदन केलं.

त्याच आठवड्यात कडुबा घोंगडे गेटवर आला. कडुबा अठ्ठावन्न पुरे करून मे अखेरीस निवृत्त झालेला. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. त्याच्या हातात कंपनीची नोटीस होती.

"मुबारकभाई, मला सांगा," तो म्हणाला, "मी रिटायर झालो का नाय?"

मुबारकनं नोटीस वाचली. निवृत्ती कुणी हातानं नोंदवत नसे. ती प्रोग्रामच वयावरून ठरवायचा. नव्या तारखेप्रमाणं कडुबाला अठ्ठावन्न व्हायला ऑक्टोबर उजाडणार होता, म्हणून तो एक जूनपासून विनापरवानगी गैरहजर होता आणि त्याचा लेखी खुलासा मागवला होता.

"काका, चूक झाली. मी साहेबांशी बोलतो."

पण साहेबांना चूक मान्य करणं जमण्यासारखं नव्हतं. अभिनंदन येऊन गेलं होतं. "सिस्टीम म्हणते तर ते नोकरीत आहेत," ते म्हणाले. तेव्हा कडुबा रोज यायला लागला. त्याच्या मशीनवर दुसरा माणूस लागलेला, म्हणून स्टोअरच्या दारात त्याला स्टूल दिलं. तिथं बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला निवृत्तीनंतरचं आयुष्य कसं असतं ते सांगायचा.

हे पाहिल्यावर लोक मुबारकच्या टेबलाशी घुटमळायला लागले. कुणी चहा आणायचं, कुणी घरचे पेरू. "लई नाय, माझी तारीख मार्चपर्यंत ढकला," एकजण म्हणाला. "पोरीचं लग्न हाय." दुसऱ्याला दिवाळीच्या आसपासचा जन्म हवा होता. मुबारकला जेवण गोड लागेना. एवढा मान त्याला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि तो कशाबद्दल मिळतोय हे घरी सांगायची सोय नव्हती.

शेवटी भविष्य निर्वाह निधीच्या कचेरीनं निम्म्या कारखान्याच्या नोंदी परत पाठवल्या. आधारवर एक जून आणि कंपनीच्या कागदावर भलतंच काही. राजकुमार साहेब दोन दिवस केबिनबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुबारकनं न विचारता जुन्या तारखा परत भरल्या, आणि "झालं साहेब" एवढंच सांगितलं. साहेब नुसते मान हलवून फोनवर बोलत राहिले. कडुबाला दुसऱ्यांदा निरोप दिला. शाल नवी आणली. भाषणं तीच होती.

पुढं परिपत्रक निघालं की कामगारांचा स्नेह वाढावा म्हणून यापुढं सर्वांचा वाढदिवस एक जूनला एकत्र साजरा होईल. सुट्टी नाही, केक एकच, मोठा. मुख्य कचेरीला ती कल्पना फार आवडली. राजकुमार साहेबांना बढती मिळाली आणि ते कंपनीच्या बेंगळुरूच्या कचेरीत गेले. तिथून त्यांनी मुबारकला निरोप धाडला, की इथंही तसाच प्रोग्राम बसवायचा आहे. सोबत माणसांच्या जन्मतारखा जोडल्या होत्या.

या वेळी मुबारकनं आधी तारखा उघडून पाहिल्या. सगळ्या वेगवेगळ्या होत्या. त्याला ते जरा संशयास्पद वाटलं.