वाळवंटातले चार गुरुवार

घर सोडलं त्या दिवशी सकाळी सात वाजता अंबडच्या स्टँडवर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते आणि एसटी दीड तास उशिरा आली. तेवढ्यात आईने बॅगेची चेन तीनदा तपासली. शेंगदाण्याची चटणी एका पिशवीत, प्रमाणपत्रांची फाइल दुसऱ्या पिशवीत. गाडी लागली तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "लोकांत मिसळून राहा." आई म्हणाली, "कुणाला विचारायला लाजू नको." रडलं कुणी नाही. आमच्या घरात पोरगी शिकून बाहेर पडते तेव्हा रडायची पद्धत नाही. त्याच्यासाठीच तर सगळा आटापिटा केलेला असतो. अण्णा गाडीच्या मागे चार पावलं चालत आले आणि मग घड्याळ बघत उभे राहिले.

त्याला बारा वर्षं झाली. लोकांत मी मिसळले. जर्मनीत, एर्लांगेनमध्ये वैद्यकीय उपकरणांच्या एका कंपनीत काम करते, सायकलवरून ऑफिसला जाते, रविवारी शांतता पाळायची म्हणून ड्रिल मशीन चालवत नाही आणि बोलता बोलता अधूनमधून "गेनाऊ" म्हणते. म्हणजे "अगदी बरोबर". बरोबर काय असतं ते मात्र दरवर्षी थोडं कमीच कळतं.

माझ्यासारखे जे निघाले त्यांना हे सांगायला नको, आणि जे तिकडे राहिले त्यांना सांगून पटायचं नाही, पण इथला थकवा कामाचा नसतो. काम संपतं. पाच वाजता लोक एकमेकांना "श्योनेन फाइरआबेंड", म्हणजे "कामानंतरची संध्याकाळ छान जावो", म्हणतात आणि खरोखरच उद्यापर्यंत कुणी कुणाला काही विचारत नाही. माझी ती सुट्टी घराच्या दारापर्यंतच असते. आत गेलं की दुसरी नोकरी सुरू होते, दुभाष्याची.

माझी मुलगी संघमित्रा, म्हणजे मितू, दहा वर्षांची आहे. तिला मराठी समजतं, पण उत्तर येतं जर्मनमधून. नवरा ड्युसेलडॉर्फला असतो, शुक्रवारी येतो आणि रविवारी जातो. अण्णा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे तीन महिने राहायला आली. व्हिसावर तेवढेच दिवस होते. गुडघ्यांनी ती इतकी बेजार झाली होती की विमानतळावरून घरी येतानाच म्हणाली, "हे एकदाचं झालं बघ. आता पुन्हा काही माझ्याच्यानं होत न्हाई." म्हणून मी मनाशी एकच गोष्ट धरली होती. आई परत जाईपर्यंत आजी-नातीला माझ्याशिवाय एकमेकींशी बोलता यायला हवं. नाही आलं तर पुढची संधी नव्हती.

पहिले सहा आठवडे काही जमलं नाही. जेवायला मी दोघींच्या मध्ये बसायचे. आईचं अंबडकडचं भरभर बोलणं मितूच्या डोक्यावरून जायचं, आणि मितूचं जर्मन आईला कळण्याचा प्रश्नच नव्हता. मी इकडचं तिकडे करायचे, पण जसंच्या तसं नाही. मितू कुरकुरली की आजीच्या खोलीत तेलाचा वास येतो, तर मी आईला सांगायचे, "विचारतेय, खिडकी उघडून देऊ का?" आई म्हणाली की हे लेकरू कुणाला जीवच लावत नाही, तर मी मितूला सांगायचे की आजी म्हणतेय तू किती शांत आहेस. दोघी माझ्याकडे बघून मान डोलवायच्या. एकमेकींकडे बघतच नव्हत्या. रात्री माझा जबडा दुखायचा.

मग पोस्टाच्या पेटीत एक पत्रक आलं. रेल्वेने चाळीस मिनिटांवरच्या एका निसर्ग-संग्रहालयात वाळवंटाचा विभाग आहे. ऑगस्टच्या सुट्टीत तिथे चार गुरुवार संध्याकाळी सहा ते साडेआठ कुटुंबांसाठी कार्यक्रम होता. संध्याकाळी अशासाठी, की वाळवंटातले प्राणी दिवसभर दडून बसतात आणि ऊन उतरलं की बाहेर पडतात. अंबड काही वाळवंट नाही, पण पाणी बघून वापरण्यात आमच्या हयाती गेल्या. वाटलं, आईला इथे काहीतरी ओळखीचं भेटेल. मी तिघींची आनमेल्डुंग करून टाकली, म्हणजे नावं नोंदवली. नोंदवल्याशिवाय इथे वाळवंटातही जाता येत नाही.

पहिल्या गुरुवारी आम्ही काचघरात शिरलो. आत पस्तीस अंश. बाकीची मंडळी पत्रकांनी वारा घ्यायला लागली आणि आईने, जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदाच, स्वेटर काढला. माहिती द्यायला फ्राउ लिंडनर, म्हणजे लिंडनर बाई, या निवृत्त शिक्षिका होत्या, डोक्यावर गवती टोपी, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांनी जांभळा दिवा लावून पेटीतला विंचू दाखवला. त्या उजेडात तो हिरवागार चमकायला लागला. मुलं मागे सरकली. आई पुढे वाकली आणि म्हणाली, "इंगळी न्हाई ही. साधा इंचू हाय."

ते मी जर्मनमध्ये सांगितलं आणि फसले. फ्राउ लिंडनरनी विचारलं, यांना कधी चावलाय का. चावला होता, दोनदा, त्यातला एकदा अंगणवाडीत खाऊच्या पातेल्याखाली. आई तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. पोरं समोर बसली की तिला कंठ फुटतो. वीस मिनिटं ती बोलत होती आणि मी भाषांतर करत होते. मितू आजीकडे टक लावून बघत होती. पण प्रश्न पडला की माझी बाही ओढायची आणि जर्मनमध्ये म्हणायची, "तू विचार ना तिला." दुसऱ्या गुरुवारी वाळूतले पायांचे ठसे ओळखायचे होते, तिसऱ्या गुरुवारी साप हातात घ्यायचा होता. दोन्ही वेळा तेच. वाळवंटातले सगळे प्राणी माझ्या घशातून गेले.

चौथ्या गुरुवारी मी संपले होते. ऑफिसात आठवडाभर ऑडिट चालू होतं. कार्यक्रम झाल्यावर लोक निरोप घेत असताना मी काचघराच्या दाराजवळच्या बाकावर बसले आणि डोळे मिटले. पाच मिनिटं, असं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात फ्राउ लिंडनरचा आवाज आला, "नाइन, नाइन, बिटे निश्ट!" नको, नको, कृपा करून नको.

आईने बाटलीतलं पाणी कुंडीत ओतलं होतं.

हे आमच्याकडच्या कुणालाही लगेच कळेल. पेल्यात, बाटलीत उरलेलं पाणी मोरीत टाकायचं नसतं, ते झाडाला घालायचं. पाहुणा अर्धा पेला ठेवून गेला तर तोही अंगणातल्या झाडाला. अंगणवाडीच्या आवारातले दोन कडुनिंब आईने पोरांच्या उरलेल्या पाण्यावर वाढवले. आता गाडी पकडायची होती, बाटली अर्धी होती, आणि समोरच्या पसरट कुंडीत माती तडकलेली. तिच्यात खड्यांसारखी दिसणारी रोपं होती. त्यांना इथे "जिवंत दगड" म्हणतात. उन्हाळ्यात त्यांना पाणी चालत नाही, कुजतात. तसं पाटीवर लिहिलं होतं, जर्मनमध्ये. मघाशी तिथेच शेजारी उभी राहून मी आईला ती पाटी वाचून दाखवली नव्हती, कारण मला कंटाळा आला होता.

मी उठणार होते. उठले नाही. त्यात शहाणपण काही नव्हतं, पाय निघाले नाहीत एवढंच. आणि मितू आधीच दोघींच्या मध्ये जाऊन उभी होती.

"आल्झो," म्हणजे "तर," अशी तिने सुरुवात केली आणि फ्राउ लिंडनरना धडाधड सांगितलं, की माझ्या आजीच्या गावाला पाणी कमी असतं, तिथे उरलेलं पाणी फेकत नाहीत, झाडाला देतात, ती आमच्या बाल्कनीतही रोज तसंच करते. हे तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. तिने बघितलं होतं. फ्राउ लिंडनर निवळल्या. तरी जर्मन बाई ती, खोटं बोलली नाही. म्हणाली, मी ती लगेच उपटून सुकवते, पण बहुतेक गेलीच म्हणायची.

"काय म्हणती गं बाई?" आईने विचारलं. सवयीने तिने मला शोधलं. मी दाराआडच्या बाकावर होते, तिला दिसले नाही. मग तिने मितूकडे बघितलं.

मितूने एकदा कुंडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आजी, ती बोलली, झाडाला तहान लागली होती. तू चांगलं केलं."

मराठीत, अख्खी दोन वाक्यं, चेहरा सरळ ठेवून. माझा इतक्या वर्षांचा धंदा पोरीने न शिकवता उचलला होता. मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

"मग बरं झालं," आई म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

स्टेशनकडे जाताना मितू पुढे पळाली. बाहेर अंधारून यायला लागलं होतं. आई माझ्या दंडाला धरून हळूहळू चालत होती. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "मेली ना ती झाडं?"

"मरतील बहुतेक."

"कळलं मला. त्या बाईचं तोंड दिसत व्हतं की. मी काय येडी हाय?" मग दहा पावलं गेल्यावर, "पण पोरगी काय खोटं बोलली गं. माझ्यासाठी बोलली. तिला सांगू नको मला कळलं म्हणून."

मी नाही सांगितलं. गाडीत दोघी शेजारी बसल्या, मी मुद्दाम मागची सीट घेतली. दुसऱ्या दिवशी फ्राउ लिंडनरना माफीचं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की नऊपैकी तीन जगली आणि आजीला नमस्कार सांगा. यातलं मी आईला फक्त नमस्कार सांगितला.

सप्टेंबरात आई परत गेली. तिला विमानतळावर सोडताना मला पहिल्यांदा अण्णा कळले. जाणाऱ्याला बघायच्या गोष्टी पुष्कळ असतात, सोडायला आलेल्याला नुसतं उभं राहावं लागतं. आता ती अंबडला एकटी राहते. मी इथून तिच्या गुडघ्यांची औषधं विचारते आणि ती ठीक आहे म्हणते. किती ठीक, ते मला माहीत नाही. घर म्हटलं की पूर्वी अंबडचं अंगण डोळ्यांपुढे यायचं, मग मध्ये बरीच वर्षं काहीच यायचं नाही.

गुरुवारी साडेपाचला मितू स्वतः आजीला फोन लावते आणि खोलीचं दार आतून लोटून घेते. आधी तिचं मराठी अडतं, मग मध्येच जर्मन शब्द येतो, मग हसू येतं. काय बोलतात ते बाहेर नीट ऐकू येत नाही. मी स्वयंपाकघरात चहा घेऊन बसते. त्या अर्ध्या तासात मला कुणी काही विचारत नाही. माझ्यापुरतं घर सध्या एवढंच आहे, लोटलेल्या त्या दाराच्या अलीकडचं.